किल्ली सापडली नाही तर

पॅच लहान होता. ४७ ओळी नव्या, ६ ओळी काढलेल्या, बदललेल्या फाइली ३. पाठवणारा आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा, साताऱ्याला इंजिनिअरिंग करून वर्षभरापूर्वी पुण्यात आलेला. ऑफिसात आम्ही सगळे एकमेकांना नावानं हाक मारतो, पण याच्या तोंडी पहिल्या दिवसापासून ‘ताई’ बसलं ते बसलंच.

आमच्याकडे एक छोटंसं साधन आहे. लिहून झालेला प्रोग्राम ग्राहकाकडे जाण्याआधी त्याचं पॅकेज बांधायचं, आवृत्तीचा क्रमांक टाकायचा, ठरलेल्या जागी नेऊन ठेवायचं, एवढंच त्याचं काम. त्यात या मुलानं एक सेटिंग वाढवली होती. सेटिंगच्या फाइलमध्ये ‘साइन रिलीज’पुढे ‘ट्रू’ लिहिलं की पॅकेज बांधून झाल्यावर कंपनीच्या किल्लीनं त्यावर डिजिटल सही होणार. मागणी ग्राहकाची होती आणि रास्त होती. आपल्या मशीनवर चढणारी वस्तू खरोखर आपण विकत घेतलेल्या ठिकाणाहूनच आली आहे, हे त्यांना तपासून बघायचं होतं.

मी पॅच वाचायला घेतला. सेटिंग वाचणारी ओळ ठीक. किल्ली शोधणारं फंक्शन ठीक, नावंही नेटकी दिलेली. मग एक ‘एल्स’, म्हणजे ‘नाहीतर’, आला. किल्ली सापडली नाही, तर इशारा छापायचा, ‘किल्ली मिळाली नाही, सहीशिवाय पुढे जात आहे’, आणि खरोखरच पुढे जायचं. खाली ३ टेस्ट होत्या. तिन्हींमध्ये किल्ली जागेवर होती. तिन्ही हिरव्या.

त्या ‘एल्स’शेजारी मी एवढंच लिहिलं, ‘हा इशारा कोण वाचणार?’

पाच मिनिटांत तो माझ्या खुर्चीशेजारी येऊन उभा.

“ताई, वॉर्निंग देतोय ना मी.”

“देतोस की. पण आपलं बिल्ड कधी चालतं?”

“रात्री अडीचला.”

“तेव्हा लॉगसमोर कोण बसलेलं असतं?”

तो गप्प झाला. मग मनातलं बोलला. “थांबवलं तर सकाळी सगळे माझ्या नावानं ओरडतील. म्हणतील, याच्या सेटिंगमुळे रिलीज अडलं.”

त्याच्या भीतीत काही वावगं नव्हतं. आमच्या धंद्यात काम अडवणाऱ्याचं नाव सगळ्यांना कळतं आणि काम चुकीचं पुढे जाऊ देणाऱ्याचं नाव बहुतेक वेळा कुणालाच कळत नाही. म्हणून असे ‘एल्स’ लिहिले जातात. ते आळसातून येत नाहीत, भिडेतून येतात. हा लेख त्या एका ‘तर’बद्दल आहे. सही करण्याचा पर्याय एखाद्या प्रोग्राममध्ये वाढवला जातो तेव्हा तपासणाऱ्यानं सगळ्यात जास्त वेळ कुठे थांबायचं, हे मला गेल्या काही वर्षांत हळूहळू उमगत गेलं. ते शिकताना जगभर गाजलेल्या काही खऱ्या प्रकरणांचा उपयोग झाला, त्यांची हकिकत सांगते.

आधी सहीबद्दल थोडं. गावाकडे जमीन असलेल्यांना डिजिटल सही आता परकी राहिलेली नाही. १५ रुपये भरून सातबारा उतरवून घेतला की त्यावर तलाठ्याच्या शाईच्या शिक्क्याची गरज उरत नाही. त्या फाइलमध्ये सही असते, फक्त ती डोळ्यांनी बघायची नसते, मशीननं पडताळायची असते. कागदावरची सही शेवटच्या पानावर बसते आणि मधलं पान कुणी बदललं तर तिला त्याचा पत्ता नसतो. डिजिटल सहीचं तसं नाही. आधी सगळ्या मजकुराचा एक ठसा काढला जातो, आम्ही त्याला हॅश म्हणतो. मजकुरात एक स्वल्पविराम हलला तरी ठसा पार वेगळा येतो. मग त्या ठशावर खासगी किल्लीनं सही होते, आणि तिची जोडीदार असलेली सार्वजनिक किल्ली ज्याच्याकडे आहे तो कुणीही ती पडताळू शकतो. खासगी किल्ली धन्याजवळ, सार्वजनिक किल्ली गावभर.

मधलं पान बदलण्याची धास्ती आपल्या जुन्या दफ्तरांनाही होती. पत्र संपलं की शेवटी मोर्तब उमटवायचं, म्हणजे त्याखाली कुणाला ओळ घुसडता येणार नाही. कागदाचे तुकडे चिकटवून लांब बंद केलेला असेल तर सांध्यांवरही शिक्का मारायचा, अर्धा या तुकड्यावर, अर्धा त्या तुकड्यावर. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आता मंजुरीच्या अर्थानं वापरतो, पण त्यातलं मोर्तब हे मुळात राखणीचं काम होतं. सांध्यावरचा शिक्का वाचकांनी ध्यानात ठेवावा, कारण जगातल्या बहुतेक सॉफ्टवेअरचा इतिहास आज ज्या साधनात ठेवला जातो ते गिट अगदी त्याच युक्तीवर उभं आहे.

गिट लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं. त्याच वर्षीच्या जुलैपासून जुनिओ हामानो त्याची देखभाल करत आले आहेत. गिटमध्ये प्रत्येक बदलाची नोंद होते, तिला कमिट म्हणतात. कमिट उघडून बघितली तर ती साध्या मजकुराची दहाबारा ओळींची चिठ्ठी असते. पहिल्या ओळीत त्या क्षणीच्या सगळ्या फाइलींचा एकत्रित ठसा, दुसऱ्या ओळीत आधीच्या कमिटचा ठसा, मग लिहिणाऱ्याचं नाव आणि वेळ, मग नोंद करणाऱ्याचं नाव आणि वेळ, एक रिकामी ओळ, आणि खाली बदल का केला त्याचा खुलासा. ती दुसरी ओळ म्हणजे सांध्यावरचा शिक्का. मागची एक कमिट बदलली की पुढच्या सगळ्यांचे ठसे बदलतात.

पण ठसा जुळतो याचा अर्थ मजकूर बदललेला नाही, एवढाच. तो कुणी लिहिला हे ठसा सांगत नाही. नावाच्या ओळीत कुणीही कुणाचंही नाव घालू शकतं. गिट ते विचारत नाही. यावर तोड म्हणून एखाद्या आवृत्तीला खूण करताना, म्हणजे टॅग देताना, त्यावर सही करायची सोय गिटमध्ये सुरुवातीच्या दिवसांपासूनच होती. एकेका कमिटवर सही करायची सोय मात्र नव्हती.

२०११ च्या ऑगस्टमध्ये लिनक्स कर्नलचं घर असलेल्या कर्नल डॉट ऑर्गच्या सर्व्हरमध्ये कुणीतरी शिरल्याचं उघडकीला आलं. संकेतस्थळ महिन्याहून अधिक काळ बंद राहिलं. कर्नलचा मजकूर ठशांच्या त्या साखळीमुळे आणि जगभर पसरलेल्या प्रतींमुळे शाबूत असल्याची खात्री करता आली, पण कोण कोण आहे हा प्रश्न मात्र मुळापासून नव्यानं सोडवावा लागला. विकसकांनी एकमेकांच्या किल्ल्यांवर सह्या करून ओळखीचं जाळं पुन्हा विणलं. २०१२ च्या जानेवारीत आलेल्या गिटच्या १.७.९ या आवृत्तीत कमिटवर सही करता येऊ लागली. आज्ञा देताना सोबत मोठं ‘एस’ अक्षर जोडायचं. हवी तेव्हा जोडा, नको तेव्हा सोडा.

आता माणसं विसरतात. रोज वीस कमिट करणाऱ्याला विसाव्यांदा ते अक्षर आठवत नाही. म्हणून २०१३ च्या अखेरीला एक पॅच आला आणि २०१४ च्या मे महिन्यात निघालेल्या २.० या आवृत्तीत तो सामील झाला. सेटिंगचं नाव कमिट.जीपीजीसाइन. जीपीजी हा प्रत्यक्ष सही करून देणारा प्रोग्राम. एकदा ‘ट्रू’ लिहून ठेवलं की प्रत्येक कमिटवर आपोआप सही. मला हा पॅच फार शिकवून गेला, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबते.

वरवर बघता यात तपासण्यासारखं काय आहे? एक हो-नाहीची सेटिंग, ती वाचायची, हो असेल तर सहीचा तो जुना रस्ता धरायचा. पण सेटिंग आणि आज्ञेबरोबर दिलेलं अक्षर यांत मोठा फरक असतो. अक्षर माणूस त्या क्षणी टाइप करतो. सेटिंग त्यानं सहा महिन्यांपूर्वी लिहिलेली असते आणि तो ती विसरलेला असतो. तेव्हा पहिला प्रश्न असा की एखाद्या वेळी नको असेल तर तेवढ्यापुरतं ‘नको’ म्हणायची सोय आहे का. म्हणून सही टाळणारा उलट पर्यायही जोडीला आला. आणि २.० च्या प्रसिद्धीबरोबरच्या नोंदींत गिटवाल्यांनी स्वतःच कबूल केलं होतं की कमिट तयार करणाऱ्या काही आज्ञांना हे ‘नको’ अजून सांगता येत नाही. उणीव झाकून न ठेवता आवृत्तीच्या नोंदीत लिहिण्याची ही रीत मला फार मोलाची वाटते.

दुसरा प्रश्न खोल होता आणि तो त्या वेळी निसटला. गिटमधल्या आज्ञा दोन थरांत आहेत. वरच्या माणसांसाठी, खालच्या इतर प्रोग्रामांनी वापरायच्या. गिटवाले खालच्या थराला नळकाम म्हणतात. त्यात कमिट-ट्री नावाची आज्ञा आहे, नुसती कमिट बनवून देणारी. खालच्या थराचा नियम असा, की माणसाच्या आवडीनिवडीच्या सेटिंगा त्यानं बघायच्या नाहीत, कारण त्याला हाक मारणाऱ्या स्क्रिप्टला ठरावीक वागणूक हवी असते. पण कमिट.जीपीजीसाइन ही सेटिंग कमिट-ट्रीही पाळू लागली. परिणाम काय? अर्धवट काम तात्पुरतं बाजूला ठेवायला आम्ही ‘स्टॅश’ वापरतो. स्वयंपाक करता करता ओटा मोकळा करायला वाटी बाजूला सरकवावी, तसं. तेव्हाची स्टॅश आतून कमिट-ट्रीलाच बोलावत असे. म्हणजे तासाभरानं टाकून द्यायच्या त्या ढिगाऱ्यावरही सही होणार, आणि त्यासाठी किल्लीचा परवलीचा शब्द, म्हणजे पासफ्रेज, विचारला जाणार.

२०१६ च्या जूनमध्ये आलेल्या २.९ या आवृत्तीत हे काढून टाकण्यात आलं. ती जुनी चूक होती आणि आता दुरुस्त होत आहे, असं नोंदीत सरळ लिहिलं गेलं. चुकीवर कुणी विसंबून असेल तर त्यानं आपल्या स्क्रिप्टमध्ये काय बदल करायचा, हेही सांगितलं गेलं. दोन वर्षं! जगातले इतके सावध डोळे त्या पॅचवरून फिरले होते. कारण प्रत्येकानं पाहिलं ते कमिटकडे. कमिट-ट्रीला आतून कोण कोण बोलावतं, त्या दारांमागे जाऊन कुणी पाहिलं नाही. तेव्हापासून सेटिंगचा पॅच आला की मी आधी कोडमध्ये शोध घेते, हे फंक्शन आणखी कुठून कुठून बोलावलं जातं. कधी तीन जागा निघतात, कधी तीस.

याच सेटिंगची दुसरी एक बाजू गिटच्या माहितीपुस्तिकेतच सांगितलेली आहे. रिबेस करताना, म्हणजे कमिटांची माळ उपसून नव्या जागी पुन्हा ओवताना, ही सेटिंग चालू असेल तर ढिगानं सह्या होतील, आणि पासफ्रेज पुन्हा पुन्हा टाइप करायचा नसेल तर एजंट वापरणं सोयीचं जाईल. एजंट म्हणजे पासफ्रेज लक्षात ठेवणारा मदतनीस. जीपीजीचा एजंट मुळात १० मिनिटं लक्षात ठेवतो, मधे वापर होत राहिला तर मुदत वाढत जाऊन २ तासांपर्यंत. त्या २ तासांत त्या मशीनवर जे काही कमिट होईल त्यावर सही उमटेल, बसलेला माणूस जागेवर असो वा चहाला गेलेला असो. शिवाय माळ नव्यानं ओवली की जुन्या कमिट जातात, त्यांच्यावरच्या सह्याही जातात. नव्या सह्या ओवणाऱ्याच्या. लिहिणाऱ्याचं नाव एकाचं आणि सही दुसऱ्याची. त्यात लबाडी काही नाही, पण अशा सहीचा अर्थ ‘हे मी लिहिलं’ असा उरत नाही, ‘हे माझ्या हातून गेलं’ इतकाच उरतो. कंपन्यांची कागदपत्रं भरणाऱ्या सीएंच्या ड्रॉवरमध्ये संचालकांच्या डिजिटल सहीची डोंगलं रबरबँड लावून ठेवलेली असतात, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना मी काय म्हणते ते कळेल. सही खरीच असते, पण करणाऱ्याचा हात तिथे नसतो.

मग सेटिंग नकोच का? तसं मला वाटत नाही. विसरभोळेपणाला औषध हवंच, आणि कमिट.जीपीजीसाइनचं एक वागणं अगदी निर्दोष आहे. सही करता आली नाही तर कमिट होत नाही. किल्लीची मुदत संपली, एजंट मेला, टर्मिनलची सेटिंग चुकली, काहीही झालं तरी ‘जीपीजीला सही करता आली नाही’ असं सांगून गिट जागच्या जागी थांबतं. जगभरातल्या विकसकांनी या ओळीला शिव्या घातल्या असतील. मी तिच्या बाजूची आहे.

आमच्या साताऱ्याच्या मुलाला मी हे सगळं त्याच दिवशी सांगितलं नाही. त्याला मी गिटमधलीच आणखी एक सेटिंग दाखवली, कारण तिच्यात त्याचा ‘तर’ उघड उघड लिहिलेला आहे.

कमिट आपल्या मशीनवर होते. ती सर्व्हरवर ढकलण्याला पुश म्हणतात. कमिटवर सही असली तरी ती कमिट सर्व्हरवरच्या अमुक शाखेवर कुणी आणून ठेवली, याचा पुरावा त्यातून मिळत नाही. म्हणून २०१४ मध्ये सही केलेला पुश आला. ढकलणारा माणूस एक पावतीच लिहून देतो, अमुक शाखा अमुक ठशावरून तमुक ठशावर नेत आहे, आणि त्यावर सही करतो. कालची पावती उद्या कुणी पुन्हा चालवू नये म्हणून सर्व्हर आधी एक एकदाच वापरायचा आकडा देतो, तोही पावतीत येतो. पुढे याचीही सेटिंग झाली, पुश.जीपीजीसाइन. हिला मात्र तीन उत्तरं चालतात. ‘ट्रू’, ‘फॉल्स’ आणि ‘इफ-आस्क्ड’, म्हणजे विचारलं तर.

‘ट्रू’ लिहिलं आणि सर्व्हर सह्या घेणारा नसला, तर पुश अडतो. ‘विचारलं तर’ लिहिलं, तर सर्व्हर सही घेत असेल तर सही, नसेल तर एक इशारा छापून बिनसहीचा पुश. हा तिसरा पर्याय का लागला ते समजण्यासारखं आहे. एकच माणूस पाच सर्व्हरवर काम ढकलतो, आणि ही सोय मुद्दाम चालू केल्याशिवाय कुठल्याही सर्व्हरवर नसते. ‘ट्रू’ लिहिणाऱ्याचा पहिलाच पुश अडेल आणि तो चिडून ‘फॉल्स’ लिहून मोकळा होईल.

मी मुलाला विचारलं, “समज सर्व्हरच फितूर झाला. तो काय करेल?”

त्यानं थोडा विचार केला. “म्हणेल, मला सही नको.”

“मग?”

“मग सही होणारच नाही. फार तर एक इशारा छापला जाईल.”

तरीही या तिसऱ्या पर्यायाला मी वाईट म्हणणार नाही. त्याचं नावच खरं बोलतं. ‘विचारलं तर’ लिहिणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे ठाऊक असतं. पुरावा ज्याला हवा आहे त्यानं तो दारात मागावा, बिनसहीचा पुश सर्व्हरनं परत पाठवावा, त्यासाठी गिट पावती आणि तिच्या पडताळणीचा निकाल सर्व्हरवरच्या तपासणी-स्क्रिप्टच्या हाती देतंच. शिवाय सर्व्हरनं सही मागितली आणि सही करताना जीपीजी अडखळला, तर ‘विचारलं तर’मध्येही पुश थांबतो. आमच्या पॅचमधला ‘एल्स’ यापेक्षा वाईट होता. तिथे सेटिंग ‘ट्रू’ म्हणत होती आणि कोड ‘जमलं तर’ करत होता.

नावांवरून आठवलं. २०१८ मध्ये गिटला जीपीजीखेरीज एक्स-५०९ पद्धतीच्या प्रमाणपत्रांनी सही करता येऊ लागली, २०२१ च्या नोव्हेंबरात आलेल्या २.३४ पासून तर सर्व्हरवर शिरताना रोज वापरायच्या एसएसएच किल्लीनंही. पण सेटिंगचं नाव आजही जीपीजीसाइनच. एसएसएचनं सही करायची तर जीपीजी.फॉरमॅट या सेटिंगपुढे एसएसएच लिहायचं. नवशिक्याला हे कोडंच पडतं. नाव बदलायचं म्हटलं तर लाखो मशीनवरच्या फाइली बिघडतील. पॅच तपासताना नावावर घातलेला अर्धा तास वाया गेला असं मला म्हणून कधी वाटत नाही.

सही करणं ही अर्धी गोष्ट. ती तपासायची कशी, यात आणखी मोठी गफलत होऊ शकते. गिट कमिटच्या सहीचा निकाल एका अक्षरात देतं आणि अशी अक्षरं ८ आहेत. चांगली सही, वाईट सही, चांगली पण किल्लीच्या मालकाची खात्री नसलेली, मुदत संपलेली सही, मुदत संपलेल्या किल्लीनं केलेली, रद्द केलेल्या किल्लीनं केलेली, तपासताच न आलेली, आणि सहीच नसलेली. मी असे पॅच पाहिले आहेत ज्यांत या आठांचे दोनच केलेले असतात, वाईट असेल तर अडव आणि बाकी सगळं सोड. बाकी सगळ्यात ‘सहीच नाही’ हेही येतं. सही खोडून टाकणाऱ्याला त्या कोडनं बढतीच दिली म्हणायची.

२०१८ च्या जूनमध्ये मार्कुस ब्रिंकमन या संशोधकानं जीपीजीतली एक भेग दाखवून दिली. तिला सिगस्पूफ असं नाव पडलं. संदेशात मूळ फाइलचं नाव लिहिण्याची जागा असते. जीपीजीच्या सेटिंगमध्ये ‘व्हर्बोज’, म्हणजे सविस्तर माहिती दे, हा पर्याय चालू असेल तर ते नाव जसंच्या तसं छापलं जायचं. आता नावातच नवी ओळ घातली आणि त्या ओळीवर ‘सही चांगली आहे’ हा जीपीजीचाच साचेबंद निकाल लिहिला तर? मेल वाचणारे कित्येक प्रोग्राम जीपीजीची बडबड आणि जीपीजीचे निकाल एकाच नळातून घेत होते. त्यांना ती ओळ खरी वाटायची, आणि सही मुळातच नसलेल्या संदेशापुढे हिरवी खूण उमटायची. २.२.८ या आवृत्तीत हे बंद झालं. सहीच्या गणिताला कुठेही धक्का लागलेला नव्हता. माहिती जास्त द्या म्हणणारा एक निरुपद्रवी पर्याय पुरेसा होता.

आणि मग २०२४ चा मार्च. एक्सझी हे फाइली आकसणारं छोटं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे मायक्रोसॉफ्टचे आंद्रेस फ्रॉइंड डेबियन लिनक्सच्या ‘अनस्टेबल’ आवृत्तीवर मोजमापं घेत होते. एसएसएचनं आत शिरायला नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतो, हे त्यांना खटकलं. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढत ते एक्सझीपर्यंत पोहोचले आणि २९ मार्चला त्यांनी जाहीर केलं की ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा आहे. दोन वर्षांहून अधिक काळ मदत करत करत, विश्वास कमावत सहदेखभालदार झालेल्या ‘जिया टॅन’ या नावाच्या कुणीतरी तो बसवला होता.

त्या प्रसिद्ध केलेल्या गठ्ठ्यांवर सही होती आणि ती पडताळणीत पूर्ण खरी उतरत होती. जिच्यावर विश्वास ठेवायचा त्याच किल्लीची. चोरदरवाजा उघडणारी एक स्क्रिप्ट मात्र गठ्ठ्यात होती आणि गिटमधल्या इतिहासात नव्हती. सही ‘कुणाकडून’ हे सांगते, ‘काय’ ते सांगत नाही. ते वाचूनच कळायचं.

वाचण्याचं म्हणाल तर त्याच प्रकरणातली एक ओळ मी मुलाखती घेतानाही दाखवते. ओळ कसली, एक टिंब. एक्सझीला लँडलॉक नावाचं कुंपण वापरायची सोय होती, प्रोग्रामला नको तिथे हात घालू न देणारी. सीमेक या बिल्ड-व्यवस्थेत ते कुंपण उपलब्ध आहे का हे पाहायला एक चिमुकला प्रोग्राम कंपाइल करून बघायचा असतो. झाला तर कुंपण घाल, नाही झाला तर त्यावाचून चाल. फेब्रुवारी २०२४ मधल्या एका पॅचनं त्या चिमुकल्या प्रोग्रामच्या मधोमध, एका ओळीच्या सुरुवातीला, नुसता पूर्णविराम ठेवला. सी भाषेत ती व्याकरणाची चूक. प्रोग्राम कधीच कंपाइल होणार नाही, आणि बिल्ड दर वेळी समजूतदारपणे म्हणणार, कुंपण नाही वाटतं इथे, चला पुढे. पॅचमध्ये नव्या ओळीआधी अधिकचं चिन्ह असतं, त्याच्या शेजारी ते टिंब पडद्यावरच्या धुळीच्या कणासारखं दिसतं.

टिंब घालणाऱ्याला ते घालता आलं, कारण ‘नाही झालं तर त्यावाचून चाल’ हा ‘एल्स’ आधीपासून तिथे होता. तो वेगवेगळ्या मशीनवर बिल्ड अडू नये म्हणून कुणीतरी सद्भावनेनं लिहिला असणार.

मुलाला मी टिंब दाखवलं तेव्हा त्याला ते सापडायला चार मिनिटं लागली, आणि तेही काहीतरी आहे असं मी आधी सांगितलं होतं म्हणून. मग तो आपल्या जागेवर गेला. संध्याकाळी पॅचची दुसरी आवृत्ती आली. ‘एल्स’मध्ये आता बिल्ड थांबत होतं, आणि किल्ली कुठे शोधली, कोणत्या नावानं शोधली, ती नसेल तर कुणाला विचारायचं, हे तीन ओळींत लिहिलं होतं. टेस्ट ३ च्या ७ झाल्या होत्या. किल्ली नाही. किल्ली आहे पण वाचायची परवानगी नाही. किल्लीची मुदत संपली. आणि सेटिंगमध्ये ‘ट्रू’ऐवजी चुकून ‘ट्रु’ लिहिलं. हे शेवटचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. चुकीच्या शब्दाला त्याचं जुनं कोड ‘फॉल्स’ समजत होतं.

तिसऱ्या फेरीत मी एकच गोष्ट मागितली, तेवढ्यापुरतं ‘नको’ म्हणायची सोय. ती आज्ञेबरोबरच द्यावी लागेल, फाइलमध्ये लिहून विसरता येणार नाही, आणि दिली की पॅकेजच्या माहितीत ‘सही केलेली नाही’ असं ठळक उमटेल. पॅच सामील झाला. ४७ ओळींचा आता १६० ओळींचा झाला होता, निम्म्याहून जास्त टेस्ट.

दोन महिन्यांनी, एका शुक्रवारी रात्री, बिल्ड थांबलं. किल्लीची मुदत त्या दिवशी संपत होती आणि ते आमच्यातल्या कुणाच्याही लक्षात नव्हतं. सकाळी ९ ला ग्राहकाकडे आवृत्ती जायची होती. पावणेसातला मला फोन आला, आजच्या दिवस सही बंद करून पाठवता येईल का. मी म्हटलं, येईल, आज्ञेत तसं लिहावं लागेल आणि पॅकेजवर तसं उमटेल. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग किल्ली ज्यांच्या ताब्यात असते त्यांना घरून बोलावून घेतलं, मुदत वाढवली, बिल्ड पुन्हा चालवलं. आवृत्ती पावणेअकराला गेली. ग्राहकाला उशिराचं कारण खरं खरं कळवलं.

कुणी मुलाच्या नावानं ओरडलं का? एक जण ओरडला. सोमवारी तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता, पण हातात लॅपटॉप उघडा होता. मुदत संपायच्या ३० दिवस आधीपासून रोज किल्ली सांभाळणाऱ्याला मेल जाईल, असा पॅच त्यानं शनिवार-रविवारात लिहिला होता.

मी खुर्ची जराशी सरकवली, त्याला बसायला सांगितलं आणि वाचायला लागले. मुदत वाचणारं फंक्शन होतं. त्याखाली ‘एल्स’ होता, मुदतच वाचता आली नाही तर काय करायचं त्याचा. मी त्या ओळीवर बोट ठेवायच्या आत तो म्हणाला, “थांबतं, ताई. टेस्ट खाली आहे.”